शर्टातली दोरी

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही नवरा-बायकोनं अंगणात तिच्या लुगड्याची घडी घातली. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. ती म्हणाली, "वढा ना जोरानं! एवढे चोर धरले, एक लुगडं धरता येत नाही तुमाले. काठाले काठ लावा." दुसरं हिरव्या काठाचं लुगडं ओलंच होतं. ते दोरीवर राहू दिलं. "सकाळी काढू," म्हणाली.

त्या दोरीवरून अकोल्याचा तो मामला बोलण्यात निघाला. आमच्या घरी तो नेहमीच निघायचा. मी शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून घरी बसलो. शिक्षण सातवी. खुनाचे मामले विसरलो, पण हा दोरीचा मामला डोक्यातून गेला नाही.

खबऱ्याचा फोन आला होता. परदेशातून आलेले खेळाचे शर्ट अकोल्याच्या एका गोदामात उतरले, पण बंदरावर तपासलेला माल हा नव्हे, रस्त्यात बदलला. आम्ही छापा घातला, पंचनामा केला. होजिअरी कापडाचे, कॉलरचे, छातीशी बटणं असलेले शर्ट. बंदरावरचे फोटो मागवले. फोटोतल्या शर्टाच्या खालच्या घेरात निळी-पिवळी दोरी ओवलेली होती. गोदामातल्या एकाही शर्टात दोरी नव्हती. म्हणजे माल बदलला. बदलला कोणी? ट्रक ज्यानं आणला त्यानं. ड्रायव्हरला अटक झाली, कोर्टानं पोलीस कोठडी दिली.

ड्रायव्हर अमरावतीचा, वयानं माझ्याएवढाच. त्याची बायको तिथल्या सरकारी दवाखान्यात शेवटच्या दुखण्यात होती. चौकशीत काहीही विचारा, तो तिच्यावरच यायचा.

"माल कुठं उतरवला?"

"गोदामातच उतरवला, साब. ताडपत्रीची गाठ बी नाही सोडली."

"मग दोरीचे शर्ट कुठं गेले?"

"मले काय मालूम? चोरी केली असती तं इथं सापडलो असतो का मी? मायी बायको जाऊन राहिली, साब. मले एकडाव पाहू द्या, मंग जे लिहाचं ते लिहा."

चोर रडतो तेव्हा एक डोळा आपल्याकडे ठेवतो. हा भिंतीकडे पाहून रडत होता. पण रडण्यावर कोर्ट सोडत नाही, पुरावा लागतो.

नागपूरहून सीमाशुल्काचा अधिकारी आला. पोरगेलाच होता, पण समजावून सांगणारा. म्हणाला, "शर्टाची जकात वेगळी. पण खालच्या घेराला आवळायची दोरी असली तर कायद्यानं तो शर्टाच्या वर्गात बसत नाही. दुसऱ्या वर्गात जातो, आणि तिथं या मालाला जकात कमी पडते."

मी म्हणालो, "म्हणजे दोरी घातली तर शर्ट नाही, काढली तर शर्ट?"

"तसंच समजा."

"आमच्या वऱ्हाडात दोन्हीले शर्टच म्हणतात, साहेब."

तो हसला. मला काही हसू आलं नाही. कोठडीतला माणूस डोळ्यापुढं होता.

दुसऱ्या दिवशी पंच बोलावायला गोदामामागच्या गल्लीत गेलो. ऊन कडक. घरोघर कपडे वाळत होते आणि प्रत्येक घरी कपडे निळ्या-पिवळ्या दोरीवर. तीन-तीन पेड वळून केलेली दोरी. दारात एक म्हातारी बसली होती. "आजी, ही दोरी कुठली?"

"गोदामातली. शर्टातून ओढून काढाचं काम देलं होतं आमाले. म्हणे काढा अन् जाळून टाका. जाळता कावून, मी म्हटलं, कपडे वाळू घालू." मग माझ्या वर्दीकडे पाहून म्हणाली, "तुले बी पायजे का? पोलीसवाल्याले तं सगळं फुकटच लागते."

मी दोरीचा एक पेड सोडून फोटोतल्या दोरीशी ताडला. माल बदललाच नव्हता. कमी जकात पडावी म्हणून दोरी ओवून आणली, आणि गोदामात काढून टाकली. दोऱ्या जप्त केल्या, बायांचे जबाब घेतले. मालकावरचा मामला सीमाशुल्कवाल्यांकडे गेला. ड्रायव्हरविरुद्ध काही नाही असा रिपोर्ट कोर्टात दिला आणि तो सुटला. ठाण्याचे साहेब मला म्हणाले, "तू अमरावतीचाच आहेस, याला दवाखान्यापर्यंत पोचव."

एसटीनं आम्ही अमरावतीला गेलो. तो दवाखान्यात खाटेजवळ उभा राहिला. बायकोनं डोळे उघडले, विचारलं, "जेवले का?" तो म्हणाला, "हो." खोटं होतं. मी बाहेर आलो.

दोन दिवसांनी ती गेली. पुढं बस स्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "दोन दिवस भेटले, साब. लय झाले." मी घरी येऊन सांगितलं तर बायको चूल सोडून माझ्याजवळ येऊन बसली. जुने नाडे वळून तिनं अंगणात तशीच दोरी बांधली.

मामल्यानं मला एवढंच शिकवलं. जकात बुडाली तर सरकार दंडासकट वसूल करते. कोठडीत गेलेला दिवस कोणी वसूल करून देत नाही. म्हणून पुढं ज्याला ठाण्यात बसवलं, त्याला आधी विचारायचो, घरी कोण आजारी आहे का.

मला दोन दिवस भेटले नाहीत. लुगड्याची घडी घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमची झोपेतच गेली. शेजारणीनं आमच्या पोराला फोन लावला. लोक यायचे होते. मी अंगणात गेलो, दोरीवरचं हिरव्या काठाचं लुगडं काढलं. एक टोक दाराच्या कडीला बांधलं, दुसरं हातात धरलं आणि जोरानं ओढलं. काठाला काठ लागला नाही. पुन्हा घातली घडी, तरी नाही. तशीच नेऊन तिच्या उशाशी ठेवली.