मामीच्या बाजूची चकती

माझा मामा इंद्रभान अनसिंग स्टेशनवर पॉइंट्समन होता, म्हणजे गाडी यायच्या आधी रूळ बदलणारा. एक्केचाळिसाव्या वर्षी त्याला जपानी खेळाचा नाद लागला, तो आजतागायत सुटलेला नाही. गावात त्याला ‘जपानमामा’च म्हणतात. ही गोष्ट मी सांगायला हवी, कारण तिच्यात माझाही हात आहे.

१९७७ साली मामीचा भाऊ देवमन बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीवर आला. त्याने जपानहून एक छोटा टीव्ही, एक जड ट्रान्सफॉर्मर आणि टीव्हीला जोडायचा दोन चकत्यांचा पिवळा डबा आणला होता. चकती फिरवली की पडद्यावरची पांढरी पट्टी खालीवर सरके आणि ठिपका टोलवला जाई. एका चकतीला एक माणूस. मेडशीला देवमनच्या घरी वीज नव्हती, म्हणून सगळं मामाच्या क्वार्टरात ठेवून तो परत गेला.

तेव्हा आमच्या भागात टीव्हीवर काहीच दिसत नसे. लोकांना वाटे, टीव्ही म्हणजे हेच. मळ्यातली भाजी विकणारा रंगराव पाटी खाली ठेवून पाहत बसे.

“काहो इंद्रभान, एवढ्या दुरून आनलं, अन् याच्यात दोन काड्या अन् एक फुटानाच हाय काय?”

“खेयून पाहा, मंग बोला.”

रंगराव खेळला, पंधरा-दोनने हरला. “जपानचा फुटाना लबाड हाय बाप्पा,” म्हणाला आणि पाटी उचलून चालता झाला.

त्याच हिवाळ्यात भागिरथामामीला लकवा झाला. वाचा गेली, नजर छतावर खिळली. अकोल्याच्या डॉक्टरांनी मामाला स्पष्ट सांगितलं, हिला आता काही कळत नाही. मामाने ते मानलं नाही. ड्युटीवरून आला की तो तिला उशीला टेकवून बसवी, तिची बोटं एका चकतीवर ठेवी आणि दुसरी स्वतः धरी. चौथ्या दिवशी तिच्या बाजूची पट्टी हलली.

“हालली! भागिरथा, हालली ना वं!”

मग रोज दुपारी खेळ. एकदा तिने सलग चार ठिपके परतवले. त्या दिवशी मामाने स्टेशनवर सगळ्यांना चहा पाजला. डॉक्टर काहीही म्हणोत, बायको आत जिवंत आहे, याला त्याच्यापाशी पुरावा होता. तो एकच.

१९७९ साली मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलो. मामाची पट्टी थरथरत होती. “पाय बरं तुले जमते काय,” तो म्हणाला. आमच्या घराण्यात शिकलेला मी पहिलाच. मी हुरूपाने मामासमोरच डबा उघडला. चकतीखाली काळ्या कार्बनची पट्टी असते, तिच्यावरून काटा फिरतो. मामाच्या बाजूची कार्बनची पट्टी घासून फिकी पडली होती. मी ती साफ केली. मामीच्या बाजूची काळी कुळकुळीत होती, जणू चकती कधी फिरलीच नव्हती. तिथला एक टाका, म्हणजे तारेचा कथिलाने केलेला जोड, मात्र अर्धवट सुटला होता. तोही मी जोडून दिला. सांगितलं कोणी नव्हतं.

डबा चालू केला. मामाची पट्टी तेलासारखी सरकू लागली. मामीची मधोमध उभी राहिली, ती उभीच. ठिपके तिच्या वरून, खालून जात राहिले. पंधरा-शून्य.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सैल टाका, खालीवर होणारा विजेचा दाब. दोन वर्षं पट्टी हलवत होते ते हेच.

“थकली असंन,” मामा म्हणाला. दुसऱ्या दिवशीही पंधरा-शून्य. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे डबा घेऊन आला. “जसा होता तसा करून दे.”

मी टाका सोडवला. पट्टी तळाला गेली आणि तिथेच पडून राहिली. मी तो पुन्हा सैल जोडला, वाकवला, हलवला. आधीचं काही परत आलं नाही.

मामी पुढच्या उन्हाळ्यात गेली. मामा अजून रोज दुपारी त्या डब्यावर एकटा जिंकतो. मी भेटलो की तो विचारतो, “जपानवाल्यानं नवीन काय काढलं?” गेल्या महिन्यात मी सांगितलं की आता एकट्याने खेळायचे खेळ निघालेत, समोरचं आपोआप हलतं.

“आपोआप?” तो म्हणाला. “आपल्या डब्यातबी तसंच होतं काय रे?”

“नाही मामा. आपला हातानंच चाले.”

त्याने मामीच्या बाजूच्या चकतीवरची धूळ अंगठ्याने पुसली.

“मंग तू टाका जोडल्यावर तिनं खेयनं काहून सोडलं?”