रिकाम्या कडेवरची तीट

"अवो बाई! चित्राच्या काचीले हे काळं कोनं लावलं?"

पहाऱ्यावरच्या बाईनं असं म्हटलं. काजळ माह्याच बोटाले होतं. कडेवर पोट्टी, तापानं फनफनलेली. बोट लपवू कुठं?

आमी अकोल्याहून अमरावतीले तिले दवाखान्यात दाखवाले आलतो. नंबरले येळ होता, ऊन मरनाचं. ननंद म्हने, "चाला वहिनी, त्या संग्रहालयात पंखे हायेत." म्हनून शिरलो.

तिथं ते चित्र. कोन्या इंग्रज चित्रकारानं मोठं चित्र रंगवायच्या आधी नुसत्या पेन्सिलीनं काढून पाह्यलेली बाई, लुगड्यातली. एक हात दोनदा काढलेला, पयला जमला नसन. कंबर एका अंगाले टाकून उभी, लेकरू घेतल्यासारखी. पन लेकरू काढलंच नाही! कड रिकामी.

माही माय अशीच उभी राहे. परतवाड्याच्या स्टँडवर जीपची वाट पाहत, मले कडेवर घेऊन, कंबर अशीच टाकून. मी मोठी झाली तरी उचले. बाया हासत, "अवो, पाय जमिनीले लागून राहिले तिचे!" माय म्हने, "लागू द्या. तुमाले काऊन जड होऊन राहिली?" आन् निघाच्या आधी सोताच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेऊन माह्या गालाले लावे. बोट खरबडं, कापूस येचून येचून चिरलेलं. आता माय नाही. ती तशी उभी असलेला एक फोटोबी नाही कोनाजवळ.

मंग माहं बोट कवा डोळ्याले गेलं, कवा त्या रिकाम्या कडेवर टेकलं, मले समजलंच नाही.

ननंद कानात म्हने, "वहिनी, पळाचं का?"

बाईनं फडकं पुढं केलं. "काच हाये म्हनून वाचल्या. नाही तं साहेबाले बलावलं असतं. पुसा आता. तुमीच पुसा."

फडकं घेतलं, पन हात पुढं जाईना. माय सांगे, लावलेली तीट आपल्या हातानं पुसू नाही, पुसली का नजर आपल्याच लेकराले लागते. आन् माहं लेकरू तं तापलेलं, माह्या गळ्याले मान टाकून पडलेलं. बाई पाहून राहिली. तिकडं दवाखान्यात नंबर निंघून जाऊन राहिला.

तुमीच सांगा ना, तुमी पुसली असती का?