भांडुपच्या बारीतली चुकलेली सम

आमच्या भजन मंडळाच्या नव्या कमिटीने स्मरणिकेसाठी जुन्या डबलबाऱ्यांच्या आठवणी मागितल्या. मी मंडळात पखवाज वाजवायचो, आणि त्या वेळचे लोक आता फारसे उरलेले नाहीत, म्हणून माझ्याकडे आले. मी दोन पानं लिहून दिली. आठवड्याने ती परत मागून घेतली. त्यात सगळ्या बाऱ्या होत्या, एक सोडून.

भांडुपला आमच्या चाळींमागे, डोंगराच्या पायथ्याशी एक मोकळी जागा होती. तिथे रविवारी दुपारपासून बारी रंगायची. दोन बुवा, दोन मंडळं समोरासमोर. एका बुवाने गायचं, मग दुसऱ्याने उत्तर द्यायचं. कांदिवलीहून, गोवंडीहून गाववाले यायचे. बायका डबे घेऊन यायच्या, उशिरा आलेले कुंपणाच्या भिंतीवर चढून बसायचे. गिरण्या बंद पडल्यावर तर रियाजाला वेळच वेळ मिळाला. हातात काम नव्हतं, पण रविवारी मात्र आपण कोणीतरी असायचो.

आमचा बुवा माझ्याच गावचा, माझ्याच वयाचा. गिरणीत आम्ही एकाच खात्यात होतो. आवाज त्याचा भरदार नव्हता, पण लयीला पक्का. पेटीवर बोटं ठेवून डोळे मिटायचा आणि कितीही फिरून आला तरी समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर उतरायचा. मला वाटायचं, त्याच्या मागे मी आहे म्हणून तो उतरतो.

त्या रविवारी शेवटचा गजर चालू होता. लय चढलेली, टाळ जोरात, लोक ठेका धरून डोलत होते. मला काय सुचलं कोण जाणे, मी घरी नुकतीच बसवलेली एक लांब तिहाई घेतली. बोलांचा एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर यायचं असतं. मी सम ओलांडून एक मात्रा पुढे गेलो. बुवा आपल्या जागी उतरला आणि तिथे एकटाच पडला, कारण टाळकरी पखवाजाबरोबर चालतात. मी 'धा' मारला, सगळे टाळ माझ्याबरोबर पडले. बरोबर असलेला एकच माणूस चुकलेला दिसला.

समोरच्या बुवाने ही संधी सोडली नाही. आपली पाळी येताच पेटी धरून गायला, "घाई कसली बुवा, गावाची एसटी सुटता काय?" लोक हसले. आमचेही हसले. मीसुद्धा हसलो.

बारी संपल्यावर चहा पिताना आमच्या बुवाने मला बाजूला घेतलं. "खरा सांग रे, चूक कोणाची झाली? माझी काय तुझी?"

मी म्हणालो, "तू आधी इलंस."

त्याने मान हलवली. मी सांगितलं म्हणून त्याला पटलं. वाद घातला असता तर कदाचित मी कबूल झालो असतो.

पुढच्या रियाजाला तो डोळे मिटेना. सम जवळ आली की माझ्या हाताकडे बघायचा. हाताकडे बघून गाणारा माणूस उशिराच येणार. दोन-तीन बाऱ्यांत ते लोकांच्याही लक्षात आलं. मग त्याने पेटी एका नव्या बुवाकडे दिली. काही दिवस मागे बसून टाळ वाजवले, नंतर यायचाच थांबला. मी मात्र पुढे वीस वर्षं वाजवलं. शाली मिळाल्या. ठेक्याला पक्का माणूस, असं माझ्याबद्दल स्टेजवरून बोललं जायचं, आणि मी ऐकून घ्यायचो.

चाळी पाडून टॉवर झाला, त्याच्या चौदाव्या मजल्यावर मी आता एकटा राहतो. बायको गेली, मुलगा कांदिवलीला आहे. बाऱ्या अजून होतात, मोबाईलवर दिसतात. मी लावतो. आवाज खूप मोठा येतो, पण मांडीला मांडी लावून शेजारी कोणी नसतं. एखादी चांगली जागा आली तर कोणाच्या गुडघ्यावर थाप मारायची? अशा वेळी मला आमचा तो बुवाच आठवतो.

गेल्या महिन्यात मुलुंडला त्याच्या मुलीकडे गेलो. तो खिडकीशी खुर्चीत होता.

"जिवंत आसंस मरे! माका वाटला गेलंस."

"तुका सांगल्याशिवाय कसो जातलंय," मी म्हणालो, आणि त्या रविवारचं खरं काय ते सांगून टाकलं.

त्याने समोरच्या टीपॉयकडे बोट केलं. "वाजव."

मी ती तिहाई टीपॉयवर वाजवली. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, पण चूक तशीच निघाली. तो बोटांच्या पेरांवर मात्रा मोजत होता.

"एक मात्रा. पुढे गेलंस." मग म्हणाला, "म्हणजे मी समेर होतंय."

"होय."

त्याने स्वयंपाकघराकडे बघून मुलीला हाक मारली. "गो, ऐकलंस? मी समेर होतंय."

"कुठे होतात, बाबा?" ती आतून म्हणाली.

चहा आला. मी माझा प्यालो, त्याच्या कपावर साय धरली. मी उठलो तेव्हा तो एवढंच बोलला, "माका कित्याक सांगतंस आता? थय बसलेल्या लोकांका सांग." परत ये म्हणाला नाही.

थय, त्या बारीत बसलेले लोक मी शोधले. टाळकऱ्यांतले तिघे गेले. समोरचा बुवा गावी वारला. गोवंडीला एक जण आहे, त्याला फोन केला. तो म्हणाला, "सोड रे, माका काय आठवता?" आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत बसला.

म्हणून स्मरणिकेत लिहितो आहे. त्या रविवारी भिंतीवर बसलेलं कोणी हे वाचत असेल, किंवा कोणाच्या वडिलांनी घरी येऊन ती एसटीची गंमत सांगितली असेल, तर त्यांनी एवढं लक्षात घ्यावं. बुवा बरोबर होता. पखवाज चुकला होता, आणि विचारल्यावर मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो.