काशिनाथभाऊंच्या निरोपाचे पेढे

बँडवाल्यांजवळ किस्से फार साचतात, कारण आमचं अर्धं आयुष्य नवरदेवाची वाट बघण्यात जातं. लग्न अकराचं, नवरदेव तयार होतो दीडला. तोवर चौदा माणसं लाल कोट घालून झाडाखाली घाम पुसणार आणि एकमेकांची टर उडवणार. आमची पार्टी धुळ्याची. आबा मालक, मी साइड ड्रमवर. सगळ्यात जास्त किस्से काशिनाथभाऊंचे, ते क्लॅरिनेट वाजवायचे. हसवणारे पुष्कळ आहेत. पण सत्त्याऐंशीच्या लगीनसराईतले सांगताना मी अजून आवाज खाली आणतो.

*

पहूरचं लग्न. पंगतीत वरण-बट्टी, वांग्याची भाजी. भाऊ म्हणजे एका बैठकीला नऊ बट्ट्या मोडणारा माणूस, यजमान धास्ती घ्यायचे. त्या दिवशी एक बट्टी कुस्करली आणि पानावरून उठले.

ट्रम्पेटवाला म्हणाला, "भाऊ, हिरो व्हायचंय का?"

आम्ही खो खो हसलो. त्यांच्या वाटणीच्या बट्ट्या मीच खाल्ल्या. परतीच्या टेम्पोत ते मागे एकटेच बसले होते. "बरं नाही का?" एवढं विचारायला माझं काय जात होतं!

*

आमच्यात एक रीत होती. वाजवणारा म्हातारा झाला, दात गेले, की आपलं वाद्य शागिर्दाच्या हातात देतो. शागिर्द नारळ फोडतो, पेढे वाटतो. भाऊ जेमतेम पंचेचाळीसचे, दात शाबूत. तरी एका दुपारी तालमीला आले आणि क्लॅरिनेट आपल्या शागिर्दाच्या, रफिकच्या मांडीवर ठेवलं.

"घे. मला आता याचं काम नाही."

आम्हाला वाटलं, काय मोठं मन! नारळ फोडला, हार घातला, आबांनी भाषण ठोकलं. भाऊ हात जोडून म्हणाले, "काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा." आम्ही टाळ्या वाजवल्या. माणूस आमच्यासमोर निरोप घेत होता आणि आम्ही पेढे खात होतो.

*

ओळखलं ते आबांच्या बायकोने, अक्कांनी. सगळ्यांचे कोट धुवायचं काम त्यांच्याकडे. भाऊंनी त्या दिवशी आपला कोट स्वतः धुऊन, इस्त्री करून, तुटलेलं बटण लावून परत केला. दहा वर्षांत पहिल्यांदा. अक्का तो कोट हातात घेऊन तशाच तालमीच्या खोलीत आल्या.

"बठ्ठा बाहेर व्हा."

आम्ही सगळे दारापर्यंतच गेलो. त्यांनी भाऊंना समोर बसवलं.

"काशिनाथ, तुना मनमा मरानं ई राह्यनं का? खरं सांग."

आम्ही हबकलो. मरायचं मनात येतंय का, असं तोंडावर विचारलं की ते माणसाच्या डोक्यात शिरतं, अशी आमची समजूत. अहो, ते आधीच शिरलेलं होतं. कोणी विचारत नव्हतं, एवढंच.

भाऊंनी अक्कांच्या हातातल्या कोटाकडे बघितलं. मग म्हणाले, "हा, अक्का." आणि ढसाढसा रडले.

अक्का रागावल्या नाहीत, शपथा घातल्या नाहीत. "बरं करं, सांगं ते," सांगितलंस ते बरं केलंस, इतकंच म्हणाल्या. आबा लगेच भाऊंच्या घरी गेले आणि जिवाला धोका होईल असं सगळं तिथून उचलून आणलं.

कारण आम्ही फार शोधलं. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या, मुलगी सुरतला सासरी. पण बोट ठेवावं असं एक कारण सापडलं नाही. अक्का म्हणाल्या, ते राहू द्या, त्याच्याजवळ बसा.

*

मग बसायच्या पाळ्या लावल्या. ढोलवाल्याने पहिल्याच पाळीत जीवन किती सुंदर आहे यावर दीड तास लेक्चर दिलं. भाऊ आबांना म्हणाले, "याला आवरा, मला दम लागतो ऐकून."

माझी पाळी आली तेव्हा मला काही सुचेना. घरून शेंगा नेल्या होत्या, त्या दोघांनी मिळून सोलल्या. चार तासांत पाच-सहा वाक्यं झाली असतील. मला वाटलं, मी नापास. पुढे कधीतरी भाऊ म्हणाले, "तुझा दिवस बरा गेला होता. तू काही शिकवलं नाहीस."

*

डॉक्टरकडे जायला मात्र तयार नव्हते. "मी वेडा नाही."

आबा म्हणाले, "मी बीपीची गोळी खातो, ती काय वेडा म्हणून?"

गेले एकदाचे. त्याच दुपारी सोनगीरला लग्न होतं, म्हणून आम्ही सगळेच लाल कोटात दवाखान्यात बसलो. कंपाउंडरने दारातून बघितलं आणि दरडावलं, "इथे वाजवायचं नाही हां!" भाऊ किंचित हसले. महिनाभरात पहिल्यांदा.

गोळ्यांनी लगेच जादू झाली नाही. चांगले दिवस यायचे, वाईटही यायचे.

*

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी दुपारी मी पाटावर, अंगभर हळद, आणि भाऊ दारात उभे. मला वाटलं जेवायला आले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "आज मन ठीक नाही. घरी एकटं राहू नये असं वाटतंय."

हळद लागलेल्या नवरदेवाने घराबाहेर पडायचं नसतं. मी सरकलो आणि त्यांना पाटावर शेजारी बसवलं.

माझी मावशी हळदीची वाटी घेऊन आली. "हे कोण?"

मी म्हणालो, "करवला."

नवरदेवाशेजारी बसायचा मान लहान भावाचा, आठ-दहा वर्षांच्या पोराचा. मावशीने भाऊंच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. काय समजली कोण जाणे. वाकून तिने त्यांच्या दोन्ही गालांना हळद लावली.

"करवल्याने लग्न लागेपर्यंत जागचं हलायचं नसतं, माहीत आहे ना?"

भाऊ म्हणाले, "नाही हलणार, मावशी."