एकदाच घालायचा सूट

एकदा वापरून टाकून द्यायची वस्तू आपण खरोखर टाकतो का? डोंबिवलीच्या एका रंगद्रव्यांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी होतो. नव्वदच्या दशकात तिथे पांढरे, एकदाच वापरायचे सूट आले. त्यांच्याबरोबर प्रश्न आले आणि प्रश्नांचे किस्से झाले.

*

पहिला प्रश्न सर्वांचाच: हा कागद की कापड? मी सांगितले, यात विणकाम नाही. प्लास्टिकचे बारीक तंतू दाबून केलेला ताव आहे, पावडर आत शिरत नाही. बाळकुमचे तांडेल, कोळ्याच्या घरातले आमचे जुने ऑपरेटर, घामाघूम होऊन म्हणाले, "आमच्या जाळ्यातनं पाणी तरी जातं, साहेब. यातनं वारापण जात नाय."

मी म्हणालो, "म्हणूनच घालायचा."

*

मग खिशाची तक्रार आली. खिसा नाही, तर तंबाखूची पुडी ठेवायची कुठे? खिशात पावडर साठते आणि पुडीबरोबर तोंडात जाते, हे मी समजावले. तांडेल पुडी गेटवर वॉचमनकडे ठेवू लागले. सुटीच्या वेळी ती रिकामी मिळे. काही दिवसांत तांडेलांची तंबाखू सुटली आणि वॉचमनला लागली!

*

सूट बाहेर घालता येतो का? शिंदे नावाच्या फिटरने विचारले नाही, घातलाच. नवरात्रात ठाण्याच्या टेंभी नाक्यावर, देवीच्या रांगेत लोक त्याला इस्पितळातला समजून वाट देत गेले. दर्शन झटपट झाले. घरी त्याने ते कौतुकाने सांगितले. दुसऱ्या दिवशी आईने त्याला साध्या सदऱ्यात रांगेच्या शेवटी उभे केले आणि स्वतः शेजारी उभी राहिली.

*

धुता येतो का, हे मात्र स्टोअरकीपर साठ्यांनी कोणालाच विचारले नाही. माणूस काटकसरी, पण काटकसर दुसऱ्याच्या कातडीवर. वापरलेले सूट गच्चीवर धुऊन, घडी घालून ते पुन्हा वाटत. धुतल्याने तंतू सैल होतात, शिवण उसवते आणि मुरलेले रसायन निघत नाही. एका सकाळी असाच धुतलेला सूट घातलेल्या तांडेलांचा हात रसायनाने कोपरापर्यंत भाजला. देवाच्या कृपेने हात वाचला.

चौकशीत साठे म्हणाले, "स्वच्छच तर दिसत होते."

मॅनेजरनी त्यांचे स्टोअर काढून घेतले. नवे काम दिले: वापरलेला प्रत्येक सूट कामगारांसमोर कात्रीने कापायचा, आणि कापतानाही अंगात सूट हवा. सुरुवात त्या धुतलेल्या गठ्ठ्यापासून. बरे होऊन आलेल्या तांडेलांनी त्यातलाच वरचा सूट उचलून त्यांच्यापुढे धरला.

साठ्यांनी हात पुढे केला नाही. हळूच विचारले, "तांडेल, नवा नाही का?"

तांडेलांनी नवे पाकीट फोडून दिले. साठे तो घालून कापायला बसले, ते निवृत्तीपर्यंत.