हवा की पाटे, आणि सासूबाईंचा गुडघा

उभ्या गाडीखाली पाला जमतो, तसे आमच्या दारातल्या पिकअपखाली किस्से जमलेत. गाडी चालती असती तर एवढे जमले नसते. लग्न होऊन मी राजाजीनगरात आले त्याला वर्ष झालं. तेवढ्यात मी बेंगळूर किती पाहिलं विचाराल, तर फाटकापासून दळणाच्या गिरणीपर्यंत. पिकअपबद्दल मात्र काहीही विचारा!

ती जुनी अमेरिकन पिकअप ह्यांनी मिलिटरीच्या लिलावात घेतली, खास सासूबाईंसाठी. त्यांचा गुडघा वाकत नाही. बसचं नावच नको, आणि जटक्यात, म्हणजे इथल्या टांग्यात, चढायचं तर दोन माणसं खालून लागतात. दर गुरुवारी त्या शहरात मराठी बायकांच्या भजनाला जायच्या, पुढे बसून अभंग सांगायच्या. ते बंद झालं. त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून माझंही फाटक बंद झालं.

पिकअप दारात आली तेव्हा सासूबाई नऊवारी सावरून बाहेर आल्या. पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मुलाकडे.

"अरे, ही माझ्यासाठी आणलीस की हत्तीवरून उतरणाऱ्यासाठी?"

*

गाडी खाली घ्यायची, एवढं त्याच दिवशी ठरलं. कशी घ्यायची, हे ठरेना.

हे आणि ह्यांचे मित्र जोगळेकर, दोघेही एकाच कारखान्यात इंजिनियर. जोगळेकरांचं म्हणणं सरळ होतं. चाकांवर पोलादी पाटे एकावर एक रचलेले असतात, त्यातले दोन काढायचे, उरलेल्यांची कमान लोहाराकडून चपटी करून आणायची. एका रविवारचं काम! ह्यांना ते फार गावठी वाटलं. ह्यांनी अमेरिकन मासिकात हवेवरचं सस्पेन्शन पाहिलं होतं. पाट्यांच्या जागी रबरी पिशव्या. हवा सोडली की गाडी खाली बसते, आई आत बसली की हवा भरायची, गाडी वर!

"आणि पिशवी फुटली तर?" जोगळेकर.

"आणि तुझे पाटे रस्त्यावर घासले तर?" हे.

आकृत्या माझ्या ओट्यावर खडूने काढल्या जायच्या. मी रोज सकाळी पुसून तिथेच रांगोळी घालायची. एकदा जोगळेकर म्हणाले, "वहिनी, आता तुम्हीच सांगा. हवा की पाटे?"

मी विचारलं, "कॉफीत साखर किती?"

"बघ!" ते ह्यांना म्हणाले, "वहिनी माझ्याच बाजूच्या आहेत!"

*

मग निघालं, की मुळात गाडी किती खाली घ्यायची हे मोजलंच नाही. सासूबाईंना भिंतीशी उभं केलं. जोगळेकरांनी टेप धरली, ह्यांनी वही.

"आई, पाय उचल. जमेल तेवढा."

नऊ इंच.

"एका रीडिंगवर भरवसा नको," जोगळेकर म्हणाले. दुसऱ्यांदा आठ इंच. तिसऱ्यांदा सहा.

हे सरासरी काढायला लागले. सासूबाई भिंतीला धरून म्हणाल्या, "अजून दोनदा उचलायला लाव, म्हणजे शून्यच येईल. हिशेब सोपा जाईल तुम्हाला!"

*

हवेचा प्रयोगही झाला. रबरी पिशव्या कुठून मिळणार? ह्यांनी लॉरीच्या जुन्या ट्यूबा कॅनव्हासमध्ये शिवायला घेतल्या. शिवल्या कुणी, ते विचारू नका. माझ्या बोटाला अजून घट्टा आहे.

मागच्या दोन्ही चाकांवर त्या बसवल्या. पायपंपाने अर्धा तास हवा भरली. पिकअप खरंच चार इंच वर आली! जोगळेकरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

"आई, आता बघ, हवा सोडतो. तू तयार राहा," हे म्हणाले.

सासूबाई दारात येतात न येतात, तोच ह्यांनी हात लावायच्या आधीच सुंई आवाज झाला, आणि गाडी डाव्या अंगावर त्यांच्या पुढ्यात सावकाश वाकली. उजवी बाजू होती तिथेच.

"राहू दे रे," सासूबाई म्हणाल्या, "पोचला नमस्कार!"

*

मग पाट्यांची पाळी. यशवंतपुराकडचा सिद्दप्पा लोहार बोलावला. बेळगावकडचा माणूस, मराठी आपल्यासारखंच बोलतो. जोगळेकरांनी त्याला इंच सांगितले, वर पॉइंटनंतरचे आकडेही सांगितले. तो मान डोलवत "सरी, सरी" म्हणत राहिला. मग उठला आणि फाटकाबाहेर गेला. आमची गल्ली अजून कच्ची, मध्ये हे एवढाले दगड. तो टोकापर्यंत चालत जाऊन आला.

"सायेब, गाडी घेतो खाली. पण रस्ता कोण खाली घेणार?"

ह्यांचा चेहरा उजळला. जोगळेकरांचा पडला. पण सिद्दप्पा आलाच आहे तर पाटे काढून तरी नेऊ दे, कमान स्वल्प उतरवायची की पूर्ण, ते नंतर कळवू, असं ठरलं. त्याने चारी चाकं सोडवली, आंस काढले, पाटे हातगाडीवर घातले. जॅक उसना होता, तो परत द्यायचा होता. म्हणून पिकअप जमिनीवरच दोन फळ्यांवर टेकवली.

स्वल्प की पूर्ण, हे कळवायचं पाच आठवडे राहिलं. सिद्दप्पाने दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा मी कॉफी केली.

*

परवा गुरुवार होता. दुपारी मी तांदूळ निवडत होते. सासूबाई आतून आल्या त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात टाळांची पिशवी. मी म्हटलं, "आई, कुठे?"

त्या अंगणात उतरल्या, पिकअपचं दार उघडलं, सीटकडे पाठ केली आणि बसल्या. स्टूल नाही, हात नाही, "आई गं" नाही. मग एकेक पाय उचलून आत घेतला आणि दार ओढून घेतलं.

"ये की गं. उभी काय राहिलीस?"

मी तांदळाचं सूप तसंच ठेवलं आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. समोरच्या काचेतून आमचंच फाटक दिसत होतं. सासूबाईंनी टाळ काढले. वर्षभरात मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता, म्हणजे हा आवाज. दुसऱ्या भजनाला शेजारच्या पार्वतक्का कुंपणापाशी आल्या, तिसऱ्याला मागच्या हौद्यात चढून बसल्या. चढल्या कसल्या, नुसत्या पाय टाकून आत गेल्या. त्यांच्या मागून गल्लीतल्या आणखी चौघी. कन्नड येणाऱ्यांनी कन्नड म्हटलं.

कारखान्याचा भोंगा झाला. थोड्या वेळाने दोन सायकली फाटकाशी थांबल्या. पुढे हे, मागे जोगळेकर. दोघेही उतरले आणि तसेच उभे राहिले.

सासूबाईंनी चालू भजन पूर्ण केलं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"हीच उंची ठेवा रे. आता चाकं तेवढी बसवा!"