एकदा वारलेले काका

आमच्या माधव नगरातले शेजारचे काका एकदा वारले, आणि त्यानंतर त्यांची तब्येत जी सुधारली ती सुधारतच गेली. मरणाइतकं गुणकारी औषध मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

वारण्यापूर्वीचे काका मला चांगले आठवतात. सरकारी शाळेत भूगोल शिकवायचे. वैशाखात, जेव्हा क्षिप्रेतल्या म्हशीसुद्धा बाहेर यायला राजी नसतात, तेव्हा हा माणूस गळ्याला मफलर गुंडाळून शाळेत जायचा. दमा, पित्त, गुडघे, अर्धशिशी. दारात आलेलं एकही दुखणं त्यांनी विन्मुख परत पाठवलं नाही. आमच्या जिन्यात अर्ध्यावर बसून ते पाणी मागवायचे, ते पाणी पिऊन झालं की वर चढायच्या आधी पुन्हा थोडं मागवायचे. डोक्याचंही तेच. बी.ए. त्यांनी अडखळत, थर्ड क्लासात काढलेलं. नकाशावर चंबळ दाखवायला गेले की छडी नर्मदेवर जायची, आणि पोरंच त्यांना सांभाळून घ्यायची, "सर, थोड़ा ऊपर." काकू त्यांच्याहून वयानं बरीच लहान, चुणचुणीत, आणि ह्यांच्या औषधपाण्यात गुंतलेली. मूलबाळ नव्हतं. "मला एकच लेकरू आहे आणि ते पेन्शनीला आलंय," असं ती हसत म्हणायची.

काका रिटायर झाले त्या दिवशी शाळेनं हार घातला, नारळ दिला, आणि ते दाराशी रिक्षातून उतरत असताना एक कावळा आला आणि सरळ त्यांच्या डोक्यावर बसला. नुसता शिवला नाही हो, बसला. इकडे तिकडे पाहिलं, हारातलं एक फूल ओढलं आणि उडाला. काकूच्या हातातलं औक्षणाचं तबक तिथंच पडलं. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे काय, हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. उताराही ठाऊक असतो. ज्याच्यावर बसला त्याच्या निधनाची खोटी बातमी जवळच्या नातेवाइकाला कळवायची. तो मनापासून रडला की मरणाचं पोट भरतं आणि माणूस वाचतो. मग दुसऱ्या दिवशी खुलासा करायचा, शिव्या खायच्या, संपलं. काकूनं तडक फ्रीगंजातल्या तारऑफिसातून नाशिकला काकांच्या चुलत भावाला तार ठोकली. वर पाहुणे नकोत म्हणून शहाणपणानं लिहिलं, अंत्यविधी उरकला, येऊ नये.

आता हे चुलत भाऊ पडले धर्मनिष्ठ. ते मनापासून रडले, इतपत ठीक होतं. पण 'त्याला मूल नाही, त्याचं करणार कोण?' म्हणून डोळे पुसून त्यांनी घराला कुलूप घातलं आणि गोदावरीकाठी उपाध्यायांकडे मुक्काम ठोकला. खुलाशाची तार बंद दारातून आत सरकवली गेली आणि उंबऱ्यापाशी पडून राहिली. भावानं पहिल्या दिवसापासून सगळं यथासांग केलं. तेराव्यानंतर घरी आले, तार वाचली आणि भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचं पत्र आलं तेव्हा मी तिथंच होतो. त्यातलं एकच वाक्य काकांनी मोठ्यानं वाचलं, "पिंड ठेवल्याबरोबर कावळा शिवला." मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो त्यांनी पुन्हा घातला नाही, कारण त्यांना त्याची गरजच उरली नाही.

आधी मफलर गेला, मग दमा. काका क्षिप्रेच्या राम घाटावर पोहायला जायला लागले, या तीरावरून त्या तीरावर आणि परत, आणि सायकल हाणत घरी येऊन काकूला म्हणायचे, "चहा टाक, दम लागला नाही पण सवय आहे." मी तेव्हा बँकेत लागलो होतो, तिशीतच माझी शुगर निघाली होती, आणि हा गृहस्थ मला जिन्यात गाठून म्हणायचा, "काय म्हाताऱ्या, हळूहळू?" माझ्या बायकोला तर आयतं निमित्तच मिळालं. घरात भाजी कापतानासुद्धा ती म्हणायची, "बघा जरा काकांकडे!" मी कसला बघतोय! जळून खाक झालो होतो मी.

मग त्यांनी प्रायव्हेट फॉर्म भरून एम.ए. केलं. फर्स्ट क्लास! ते झाल्यावर दुसरं एम.ए., संस्कृतात, विद्यापीठात पहिले. गल्लीत केबल आली, पोरं अभ्यास सोडून त्यापुढे बसली, आणि फ्रीगंजात कॉम्प्युटरचा क्लास उघडला तिथं सगळ्यात पुढच्या बाकावर कोण, तर आमचे काका. मास्तर पोरगा विशीतला. तो फळ्यावर लिहायच्या आत काका पुढचं सांगायचे. मी एकदा चिडून विचारलं, की काका, या वयात पाठ होतं तरी कसं? काका म्हणाले, "अरे यार, माणसाची अर्धी अक्कल मरणाच्या धास्तीत खर्च होते. दम का लागतो? भीतीनं. विसरायला का होतं? भीतीनं. माझं ते काम उरकलंय. मी अठ्ठावन्नाला थांबलो. गेलेल्याचं वय कधी वाढतं का?" आणि हसले. त्यांचे दात इतके पांढरे मी पूर्वी पाहिले नव्हते.

इथवर सगळी मौज होती. पण हळूहळू मला काही गोष्टी दिसायला लागल्या, आणि सांगतो, अंगावर काटा यायचा. मे महिन्यात त्यांनी खांद्यावर हात ठेवला की माठाला हात लागल्यासारखं गार वाटायचं. भर उन्हात सायकलवरून आले तरी कपाळावर घामाचा थेंब नाही. गल्लीतली कुत्री, जी पोस्टमनला आणि मला आजन्म भुंकत आली, ती काका दिसले की उठून चुपचाप पलीकडच्या बाजूला जाऊन बसायची. फ्रीगंजातल्या न्हाव्यानं एकदा माझी दाढी करता करता आवाज खाली आणून विचारलं, "बाबूजी, बुरा मत मानना, आपके वो काका आते हैं, बैठते हैं, पर काटने को कुछ होता ही नहीं. जैसे पिछली बार गए थे, वैसे ही." पितृपक्षात काका गच्चीवर पान ठेवायचे तर तारेवर ओळीनं बसलेले कावळे एक एक करून त्यांच्याकडे पाठ करायचे. ते पान संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं. काका पान उचलत म्हणायचे, "बरोबरच आहे. मी आता वाढणाऱ्यांतला कुठे? मी जेवणाऱ्यांतला." ते विनोद करताहेत असं मी स्वतःला बजावायचो आणि भरभर जिना उतरायचो.

काकू मात्र आपली रीतसर म्हातारी होत होती. काकांच्या साठीशांतीला नेसायची म्हणून तिनं एक महेश्वरी साडी आणून ठेवली होती, डाळिंबी रंगाची. साठी आली तेव्हा काका म्हणाले, "गेलेल्याची कसली साठी?" साडी पुन्हा ट्रंकेत गेली. पुढे वर्षामागून वर्षं गेली, तिची कंबर वाकली, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला, राम घाटाच्या पायऱ्या जड व्हायला लागल्या. काका खाली जाऊन, पोहून वर यायचे तरी ती मधल्या पायरीवरच असायची. आणि एके दिवशी भाजीवाली, बिचारी नवीन होती, पिशवीत मेथी घालता घालता म्हणाली, "माताजी, बड़ी किस्मतवाली हो, बेटा साथ में आता है."

काका शेजारीच उभे होते. काकू घरी येऊन पाटावर बसली ती उठेचना, म्हणून बायकोनं मला पाठवलं. काकू माझ्याकडे बघून म्हणाली, "तार मीच पाठवली ना रे. ह्यांना वाचवायला पाठवली. वाचले, पण मला नाही रे वाचले. मी एकटीच पुढे पुढे चाललेय. उद्या मी गेले की हे इथंच राहणार, अठ्ठावन्नाचे. आणि मी तिकडे कुणाची वाट बघू?" मला रडू आलं, लपवत नाही. दाराच्या चौकटीत काका उभे होते. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांचा चेहरा इतका तुकतुकीत होता की त्यावर दुःख ठरेना.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन राम घाटावरच्या आमच्या गुरुजींकडे गेले. म्हणाले, "मला परत यायचंय." गुरुजींनी एवढंच विचारलं, "पिंडाला कावळा शिवला होता?" शिवला होता म्हटल्यावर त्यांनी पोथी उघडली. मग म्हणाले, शास्त्रात सोय आहे. ज्याचं क्रियाकर्म झालं तो जिवंत परतला, तर त्याला नव्यानं जन्माला घालायचं. जातकर्म, बारसं, मुंज, आणि मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. "पण एक ध्यानात घ्या," गुरुजी म्हणाले, "जन्माला आलात की मागचं सगळं चालू होतं." काका म्हणाले, "तेच तर पाहिजे."

मी माझ्या आयुष्यात असलं कार्य पाहिलेलं नाही. सकाळी तूप चोळून काकांना जन्माला घातलं, काकूनंच कानात नाव सांगितलं, ते सांगताना लाजली. लगेच मुंज. घाटावरचे यात्रेकरू गोळा झाले, कुणी विचारी, "किसकी जनेऊ है, लड़का कहाँ है?" आणि दुपारच्या आत डाळिंबी महेश्वरी नेसून, वाकल्या कमरेची काकू अंतरपाटापलीकडे उभी राहिली. मी मामा झालो होतो. अंतरपाट दूर झाला, काकांनी हार घालायला हात वर केले, आणि त्यांच्या कपाळावरून घामाचा एक थेंब खाली आला. काकूनं तो पदरानं टिपला आणि पदराकडे बघतच राहिली. गुरुजी मंगलाष्टकाच्या शेवटच्या ओळीत अडखळले. परतताना पायऱ्या चढता चढता काका मध्येच थांबले, कठड्याला धरलं आणि म्हणाले, "जरा पाणी आण रे."

मग थकलेली वर्षं वसुलीला आल्यासारखी आली. काकूचा आनंद काय सांगू! पहिला खोकला आला तेव्हा ती आमच्याकडे पेढे घेऊन आली. "अगं, ह्यांचे गुडघे धरले!" असं तिनं माझ्या बायकोला जिन्यातून ओरडून सांगितलं, पोराला नोकरी लागल्यासारखं. केस पांढरे होऊन गळायला लागले, न्हाव्यानं सुटकेचा निःश्वास टाकला, कुत्री पुन्हा भुंकायला लागली. काकांचं तिसरं एम.ए. चालू होतं. सुवर्णपदक त्यांचंच, असं सगळे धरून चालले होते. पेपराच्या दिवशी मी त्यांना सोडायला गेलो, तर लवकरच बाहेर आले. "आठवेना रे," म्हणाले. मला वाटलं खचतील. त्यांनी खिशातून मफलर काढला, गळ्याला गुंडाळला आणि म्हणाले, "चल, ती वाट बघत असेल." नापास झाले. त्यानंतर संध्याकाळी दोघं फ्रीगंजपर्यंत फिरायला जायची, एकाच चालीनं, मध्ये मध्ये थांबत, रिक्षावाल्यांच्या शिव्या खात. भाजीवाली आता काकांना बाबूजी म्हणत होती. त्यांच्या मागून चालताना मला घाई करावीशी वाटायची नाही.

ते असे दोन हिवाळे टिकले. दुसऱ्याच्या शेवटी, दमा बळावून, काकूचा हात हातात असताना गेले. मी एस.टी.डी. बूथवरून नाशिकला फोन लावला. पलीकडून चुलत भाऊ खो खो हसले. "एकदा रडलो, आता पुरे. वहिनीला सांग, खुलाशाची वाट बघतोय." आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलेनात.

म्हणून दहाव्याला पिंड मीच ठेवला, राम घाटावर. कावळे होते, पुष्कळ होते, समोरच्या कठड्यावर ओळीनं. एकही हलेना. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, बोला. मी म्हटलं, काका, काकूकडे मी बघेन. कावळे तसेच. मी म्हटलं, शुगर सांभाळेन, रोज चालेन. एकानं चोच पंखात खुपसली. सूर्य पार माथ्यावर आला. गुरुजी हळूच माझ्याकडे झुकून म्हणाले, "यांचा पिंड एकदा घेऊन झालाय ना." शेवटी मी रिक्षा केली आणि काकूला घेऊन आलो. बाया येत नाहीत घाटावर दहाव्याला, पण सगळ्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.

माझा हात धरून ती पायऱ्या उतरली. कावळ्यांना तिनं हात जोडले. मग डोक्यावरचा पदर सारखा करून, घरात हाक मारावी तशी म्हणाली, "अहो, ह्या वेळेला बातमी खरी आहे हो. ह्या वेळेला मी नाही पाठवली. तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

ओळीतला एक म्हातारा कावळा, पिसं झडलेला, उडी मारून खाली आला. जरा लंगडतच आला. पिंडाला चोच लावली, पुन्हा लावली, आणि गेला.

काकू अजून आहे. पितृपक्षात गच्चीवर पान ठेवायला मीच तिला वर घेऊन जातो. आता तारेवरचे कावळे पाठ करत नाहीत, पान खाली टेकायच्या आत येतात. एक जण अधाशासारखा भाताचे घास गिळायला लागतो, तेव्हा काकू त्याच्यावर डाफरते, "अहो, सावकाश. ठसका लागेल. आता वय झालंय तुमचं."